ठेका देण्याआधी

घर पुन्हा बांधायचं तर माणूस भरवशाचा पाहिजे, हे मी ज्याला त्याला सांगत आलो. रोहण्यात, आर्वीत, पुलगावात ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. लोकांनी आपुलकीने नावं सुचवली, नंबर दिले. भरवशाचा म्हणजे कसा, हे मात्र मला कोणी विचारलं नाही आणि मीही कधी स्वतःला विचारलं नाही. आता इसार द्यायची वेळ आली आहे, आणि त्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय हात खिशाकडे जात नाही.

2022 च्या जुलैत आमच्या मातीच्या घराची मागची भिंत आणि स्वयंपाकघर पाण्यात गेलं. वर्धा नदीला पूर आला की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढत येतं. पाणी उतरलं म्हणजे सुटलो असंही नसतं. आमच्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पायवा हलवते. पुरात टिकलेली पुढची भिंत पुढच्या उन्हाळ्यात वरपासून खालपर्यंत तडकली. तेव्हा ठरलं, डागडुजी नाही, नवंच बांधायचं.

दोन माणसं समोर आहेत. पहिला ठेकेदार मोठी कामं करणारा. साहित्यासकट चौरस फुटाचा एकच दर. त्याने बांधलेली घरं मी पाहून आलो: भिंती ओळंब्यात, छपाई गुळगुळीत, घरमालक समाधानी. बोलणं अदबीचं. "रेती, लोहा, मजूर, तुम्ही काही पाहू नका काकाजी, चावी घ्यायला या," तो म्हणाला, आणि मला हायसं वाटलं. हा मला फसवणार नाही याची माझी खात्री आहे, आजही आहे.

अडचण तिथेच आहे. त्याने सांगितलेला दर रॉयल्टी भरलेल्या रेतीत बसत नाही. एवढा हिशेब मला येतो. तो दर बसतो रात्रीच्या ट्रॅक्टरच्या रेतीत. ज्या नदीच्या पुराने माझं घर पाडलं, तिचंच पात्र उपसून मी ते पुन्हा उभं करणार. विटा वाहणाऱ्या रेजांना पुरुषांपेक्षा किती कमी मजुरी मिळेल, हेही मला ठाऊक आहे. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवताना या बायांना कोणाकोणाच्या दारात उभं राहावं लागतं, हे गावात सगळ्यांनी पाहिलं आहे. "तुम्ही काही पाहू नका" या शब्दांत हे सगळं आलं. मला जे सुख वाटलं ते न पाहण्याचं होतं. मी शोधत होतो माझ्याशी प्रामाणिक असलेला माणूस. इतरांशी तो कसा वागतो, हे माझ्या चौकशीत कुठेच नव्हतं.

दुसरा आमच्याच भागातला मिस्त्री. आला तो आधी घराभोवती फिरला. शेजारच्या बांधकामावरची मूठभर रेती त्याने पाण्याच्या बाटलीत टाकली, हलवली आणि ओट्यावर ठेवून दिली. आम्ही बोलत होतो तोवर रेती तळाशी बसली आणि तिच्यावर बोटभर गाळाचा थर जमला. "अशी रेती आणली त मी काम नाई करनार," एवढंच बोलला. मग भिंतीवर राहिलेली पुराची रेघ त्याने हाताने दाखवली. "जोता याच्या वर घ्या लागते. एक खोली कमी करा, पन भराव मुरमाचा टाका. आन मंग हे पानी जाईन कुठं, ते पाहा."

पाणी जाईल शेजारच्या मावशींच्या घरात. त्यांचं घर कवेलूचं, जोता वीतभर. माझं अंगण उंच झालं की आजवर दोघांत वाटलं जाणारं पाणी एकट्या त्यांच्या वाट्याला येईल. पहिल्या ठेकेदाराने हे सांगितलं नाही. त्याला दोष कसा देऊ? त्याला मी माझ्या घराचं विचारलं होतं, तेवढं त्याने सांगितलं. पण आमची भिंत लागून आहे. मला हे दिसत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल.

स्वतः पाहण्याची गोष्ट सरकारी नियमातही आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण नियमांत लाभार्थ्याने घर स्वतः बांधावं, ठेकेदार लावू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. 1,20,000 रुपये हप्त्याहप्त्याने, शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. गावोगाव घरकुलं तरीही ठेक्यानेच दिली जातात आणि मी या नियमाला अव्यवहार्यच म्हणत आलो. शेतीची कामं सोडून बांधकामावर कोण उभं राहणार? आज वाटतं, उभं राहावं लागतं यासाठीच तो नियम असावा. आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, 1936 मध्ये आश्रमातली आदिनिवास कुटी बांधताना गांधीजींनी अट घातली होती: खर्च 500 रुपयांच्या आत, साहित्य आणि कारागीर जवळपासचे. ही अट मी शाळेपासून ऐकतो आणि काटकसरीचा धडा म्हणून ऐकतो. साहित्य जवळचं असलं की ते कुठून आलं हे झाकता येत नाही, कारागीर गावचा असला की त्याची मजुरी बुडवून तोंड लपवता येत नाही. ही बाजू माझ्या मनात कधी आलीच नाही.

मिस्त्रीने आणखी एक विचारलं: इथेच बांधायचं का? याच वर्धेच्या पुराने 30 जुलै 1991 ला वरच्या अंगाचं मोवाड उद्ध्वस्त केलं. दोनशेवर माणसं गेली आणि गाव दुसरीकडे वसवावं लागलं. आमच्याकडे दुसरी जागा नाही, इथेच बांधणार. पण मग पाण्याची वाट मोकळी ठेवणं हे माझं काम आहे, ते कोणालाही ठेक्याने देता येणार नाही.

म्हणून आधी मावशींकडे जाणार आहे. दोन्ही अंगणांत लेव्हलची नळी धरून, नाली माझ्या जागेतून काढायची तर किती जागा सोडावी लागेल ते त्यांच्यासमोर ठरवीन. जोत्याची उंची त्यानंतर. ठेकेदारालाही सरळ विचारणार आहे: रॉयल्टीच्या पावतीसह रेती, आणि रेजांना किती मजुरी? तो भाव वाढवील आणि त्याचं बरोबरच असेल. त्या फरकात मागच्या खोलीचा स्लॅब होतो. ती खोली सोडायला घरात अजून कोणी तयार नाही आणि खरं सांगायचं तर मीही पूर्ण तयार नाही.