रुग्णाच्या उशाशी काय बोलावं?

मार्गशीर्ष लागला की घरोघरी गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. वर्षानुवर्षं पारायण करणाऱ्यांना दुसऱ्या अध्यायातला संदीपक काही नवा नाही. गोदाकाठचे वेदधर्म मुनी शिष्यांना बोलावून सांगतात, माझं बरंचसं पाप तपानं गेलं, उरलेलं काशीत राहून २१ वर्षं भोगायचं आहे, सोबत कोण येतो? संदीपक पुढं होतो. मग गुरूला कुष्ठ होतं, दृष्टी जाते, स्वभाव विलक्षण चिडका होतो. आणलेली भिक्षा थोडी म्हणून भिरकावून द्यायची, गोडधोड मागायचं, घटकेत शिव्या, घटकेत कौतुक. शिष्य सगळं सोसतो.

आपण ही कथा गुरुभक्तीची म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी आठवड्यातून दोनदा सांगोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात म्हाताऱ्या रुग्णांशी बोलायला जातो. तेव्हापासून या कथेतली एक गोष्ट मला वेगळी दिसू लागली. ‘हे माझे भोग आहेत’ असं वेदधर्म स्वतःबद्दल म्हणतात. त्या २१ वर्षांत शिष्य मात्र एकदाही गुरूला म्हणत नाही, ‘तुमचे भोग आहेत, भोगून संपवा.’

आणि आपण? आपण भेटायला जातो, पिशवीतून मोसंबी काढतो आणि दोन मिनिटांत म्हणतो, ‘काय करणार, प्रारब्ध! मागच्या जन्माचं असतं काहीतरी.’ म्हणणारा मनानं वाईट नसतो. बहुतेक वेळा तो देवाधर्मातलाच असतो. पण खुब्याचं हाड मोडून पडलेल्या एका आजींना कुणीतरी असं सांगून गेलं होतं. त्यांनी मला विचारलं, “म्या कुनाचं काय वंगाळ केलं हुतं ओ, गुरुजी?” पाय दुखत होता तो होताच, वर ही आणखी एक ठसठस. कर्मसिद्धांत खरा की खोटा, हा वाद इथं नाही. मी तो मानतो. पण तो आरशासमोर उभं राहून बोलायचा आहे. दुसऱ्याच्या खाटेशी बोललं की त्याचं ज्ञान राहत नाही, आरोप होतो.

याच्या उलट टोकाला खोटा धीर. ‘काही होत नाही, आठ दिवसांत घरी पळाल.’ आपल्या माणदेशातली कितीतरी पोरं गलाईच्या धंद्यात परराज्यात आहेत, बाकीची पुण्या-मुंबईला. म्हातारा विचारतो, “पोरगा येनार हाय का?” आपल्याला ठाऊक नसताना ‘येणार की, उद्याच!’ म्हणायचं का? मी म्हणत नाही. ‘मला ठाऊक नाही, पण फोन लावून विचारू का?’ एवढंच म्हणतो. काही जणांना हे कोरडं वाटतं. मला विचाराल तर, ज्यानं ८० पावसाळे काढले त्याला आपला खोटेपणा लगेच कळतो. तो आपल्यासाठी मान डोलावतो आणि त्यानंतर खरं बोलायचं बंद करतो.

‘भोग’ म्हणणं काय किंवा ‘काही होत नाही’ म्हणणं काय, दोन्हीत सोय आपलीच असते. दुखणं बघवत नाही म्हणून आपण त्याच्यावर झाकण घालतो.

मग बोलायचं काय? खरं तर बोलायचं कमी, विचारायचं जास्त. आणि औषधापाण्याचं नव्हे, ते डॉक्टर-सिस्टर विचारतातच. रविवारच्या जनावरांच्या बाजाराचं नाव काढा. खिलार खोंडाची पारख कशी करायची, एवढं विचारलं की भिंतीकडं तोंड करून पडलेले आण्णा कुशीवर वळतात. बायकांना ७२ चा दुष्काळ विचारावा. मघाच्या आजी तेव्हा पंचविशीत होत्या. लेकरू झोळीत टाकून त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तांबड्या मिलोच्या भाकरीची चव आणि सुकडीचा वास त्यांनी असा सांगितला की शेजारच्या खाटेवरच्या बाई मधेच म्हणाल्या, “आमच्या कामावर सुकडी बरी मिळायची.” त्यावरून दोघींचं चांगलंच जुंपलं. ‘वंगाळ काय केलं’ या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतंच. पण आपण काय काय निभावलं, हे त्या अर्धा तास मोजत होत्या.

बारीकसारीक गोष्टीही असतात. उभ्यानं बोलू नये, स्टूल घेऊन बसावं. ज्या कानानं ऐकू येतं त्या बाजूला बसावं. ‘ओळखलं का मला?’ म्हणून परीक्षा घेऊ नये, आपलं नाव आपणच सांगावं. आणि दत्तभक्तांनो, साखरेच्या पेशंटला प्रसाद म्हणून पेढा भरवू नका. आधी सिस्टरला विचारा, महाराज रागावणार नाहीत. उशाशी बसून कंटाळलेल्या सुनेलाही ‘तुम्ही जेवलात का?’ विचारावं. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांबरोबर त्यांच्या माणसांनाही तिथं आसरा मिळतो. रुग्णामागं आणखी एक माणूस दमलेला असतो, हे ती उभारणाऱ्यांना बरोबर कळलं होतं.

राहता राहिला पुण्याचा प्रश्न. ‘तुम्हाला मोठं पुण्य लागतंय,’ असं लोक म्हणतात तेव्हा मला पुन्हा संदीपक आठवतो. काशीविश्वनाथ वर द्यायला आले, तरी हा आधी गुरूला विचारायला धावला, तुमचा रोग जावा असं मागू का? गुरू संतापले, नको म्हणाले. यानं परत जाऊन देवाला तसंच सांगितलं. दुसऱ्याचं भलं कशात आहे हे त्यानं परस्पर ठरवलं नाही. आम्ही मात्र वॉर्डात शिरतो ते ठरवूनच. एखाद्या दिवशी आण्णा म्हणतात, “आज नगं, गुरुजी, पडू द्या.” असं म्हणाले की सरळ उठावं. वाईट वाटून घेऊ नये, रजिस्टरात भेट मांडायलाही बघू नये.

तेच आण्णा मागच्या गुरुवारी मला बघून हातानं स्टूल दाखवत म्हणाले, “बसा. गुडघा कसा हाय तुमचा? परवा पायरी उतरताना धरला हुता नव्हं?” मग गुडघ्याला निर्गुडीचा पाला कसा शेकून बांधायचा, ते मी पंधरा मिनिटं ऐकून घेतलं.