कर्जखताची गती

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून चालत जाणाऱ्या माणसाला कधीकधी एखाद्या घराच्या दर्शनी भागावर डकवलेली ताबा नोटीस दिसते. तीत कर्जदाराचे नाव असते, थकलेली रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत असते, आणि सदर मिळकतीबाबत कोणीही व्यवहार करू नये असा जाहीर इशारा असतो. हाच मजकूर दोन वर्तमानपत्रांत, आणि त्यांतील एकात स्थानिक भाषेत, छापावा असा नियम असल्यामुळे, जी गोष्ट पूर्वी भाऊबंदांतही दबल्या आवाजात बोलली जाई ती आता शेजारीपाजारी चहाबरोबर वाचतात. सात वाटा जेथे एकत्र येतात त्या जागेचे नाव अशा प्रसंगी रूपक म्हणून वापरण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण कर्जात रुतलेल्या माणसाला एकही वाट दिसत नाही, हीच तर त्याची अडचण असते.

न दिसण्याचे कारण नेहमीच अज्ञान असते असे नाही. देणे बुडवणारा पुढच्या जन्मी सावकाराच्या दारी बैल होऊन राबतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती मनात घट्ट धरून बसलेला सालस गृहस्थ बँकेची नोटीस न उघडता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून देतो, वकिलाकडे जाणे म्हणजे देणे नाकारणे असे मानतो, आणि बँकेचा हप्ता भरण्यासाठी खाजगी सावकाराकडे बायकोचे दागिने तारण ठेवतो. या मनुष्याला हसणे सोपे आहे. परंतु त्याचा प्रश्न खरा आणि मूलतः धर्माचा आहे. जे घेतले ते परत करणे शक्य नसेल, तर कायद्याचा आसरा घेणारा माणूस पातकी ठरतो काय?

ऋणाची कल्पना आपल्या धर्मविचाराच्या पायाशी आहे, यात संशय नाही. ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यांच्या ऋणाची भर घातली. आणि इहलोकी व परलोकी अनृण होण्याची प्रार्थना अथर्ववेदात आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडावे हा दंडक याच विचारातून निघाला, आणि इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही तो पवित्र कर्तव्य म्हणून अमलात आणला. मात्र याच शास्त्रकारांनी सावकाराच्या ऋणाला पितृऋणासारखे अथांग कधी मानले नाही. मनूने अठरा व्यवहारपदांत ऋणादानाला पहिले स्थान दिले, म्हणजे ते राजाच्या न्यायसभेत आणून ठेवले. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाच्या पलीकडे जाऊ नये अशी मर्यादा घातली, आणि हाच दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी पुढे चालवला. बापाने जुगारात किंवा दारूत केलेले कर्ज मुलाच्या डोक्यावर बसत नाही, असेही स्मृतिकारांनी स्पष्ट सांगितले. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने तर, केवळ पवित्र कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू वा पणतू यांच्याकडून नव्या कर्जाची वसुली मागण्याचा सावकाराचा अधिकारच संपवला. एवढे होऊनही जो मुलगा बापाचे देणे स्वेच्छेने फेडतो त्याच्या कृत्याला उलट आता अधिक मोल आले, कारण त्यामागे जप्तीची भीती उरली नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात कर्जखताला तीन गती मिळाल्या, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे वरच्या प्रश्नाचे स्वरूप उलगडू लागते. पहिली गती देहूची. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबांनी वडिलार्जित सावकारीची खते इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा आहे. आणि या आख्यायिकेतील मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा तपशील असा की, धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची अर्धी खते त्यांनी आधी वेगळी काढून दिली. वैराग्य स्वतःच्या येण्याबाबतच दाखवता येते, दुसऱ्याच्या नव्हे, हा त्यातील विवेक. दुसरी गती सुप्याची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील त्या बाजारगावी कुणब्यांनी सावकारांची घरे वेढली आणि दंगा लवकरच अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरला. पण जमावाचा मुख्य रोख माणसांवर नसून खते आणि हुकूमनामे यांच्यावर होता, आणि हाती लागलेले कागद त्यांनी जाळले. धनकोने खत बुडवले तर तो संत ठरतो आणि ऋणकोने जाळले तर गुन्हेगार, या न्यायात विसंगती काहीच नाही, कारण पहिला आपले सोडतो आणि दुसरा परक्याचे. पण सुप्याच्या त्या कुणब्याला अक्षर येत नव्हते, खतात काय लिहिले आहे हे त्याला कळत नव्हते, मूळ घेतलेल्या रकमेवर जुने व्याज चढवून नवे खत, त्यावर आणखी नवे खत, अशी उतरंड कोणी रचली याची साक्ष देणारा कोणी नव्हता. आणि ज्या कागदापुढे बोलण्याची सोयच नाही तो कागद माणूस जाळणारच.

तिसरी गती १८७९ च्या दख्खन शेतकरी सहाय्य कायद्याची. हा कायदा पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपला सोलापूर, या चार जिल्ह्यांसाठी झाला. त्याने खत बुडवले नाही आणि जाळलेही नाही. त्याने ते उलगडले. खतावर आकडा काहीही असो, व्यवहाराचा प्रारंभापासूनचा इतिहास न्यायाधीशाने तपासावा, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, हप्ते बांधून द्यावेत, आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची सावकाराने लेखी पावती द्यावी, अशी त्यातील योजना होती. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घेण्यास सुरुवात करून त्यातून पळवाटा काढल्या, हे खरेच. तरीही हिशेब मागणे हे कृतघ्नपणाचे लक्षण नाही, एवढी गोष्ट त्या कायद्याने या मातीत रुजवली.

पावतीचा विषय निघाला की सोलापूर जिल्ह्यातील माणसाला दामाजीपंत आठवल्याशिवाय राहत नाहीत. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याच्या सरकारी कोठारांवर असलेल्या या कामदाराने दुष्काळात कोठारे उघडून भुकेल्यांना धान्य वाटले, बेदरहून त्यांना धरून आणण्याचा हुकूम सुटला, आणि पंढरीचा विठोबा विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला व सगळी रक्कम भरून पावती घेऊन आला, अशी कथा आहे. कीर्तनकार या कथेत भक्तवत्सलता पाहतात, आणि देवाने कोणत्या जातीचे रूप घेतले याकडे मात्र पुष्कळ जण घाईने पाहून पुढे जातात. मला तिच्यातील हिशेबीपणा विलक्षण वाटतो. सर्वशक्तिमान देवाला बादशहाची स्मृती पुसून टाकता आली असती, दफ्तर कोरे करता आले असते. पण ही कथा रचणाऱ्या लोकमानसाला तो मार्ग सुचला नाही. देणे फिटले पाहिजे आणि त्याची नोंद राहिली पाहिजे, मात्र ते त्याच माणसाने एकट्याने, मोडून पडेपर्यंत फेडावे असे नाही, हा या कथेचा धर्म.

आजचा कायदा या धर्मापासून वाटतो तितका दूर नाही. सरफेसी या नावाने सर्वतोमुखी झालेल्या २००२ च्या कायद्याने बँकेला न्यायालयात न जाता घराचा ताबा घेण्याची मुभा दिली, हे खरे. पण आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तिच्यावर कर्जदाराने लेखी हरकत घेतल्यास बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते, आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. एकदा झालेले गहाण हे शेवटपर्यंत गहाणच, ते सोडवण्याचा हक्क करारानेही हिरावता येत नाही, हे तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. २०१६ च्या दुरुस्तीने मात्र सरफेसीखाली हा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरला, आणि माझ्या मते ही कात्री फार घाईने चालवली गेली. पतसंस्थेच्या कर्जाचा मार्ग निराळा: तेथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो, आणि त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो. सावकाराबाबत २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने मुद्दलापेक्षा अधिक व्याजाला मनाई करून दामदुपटीचा नियम कायम ठेवला, आणि कर्जाच्या तारणापोटी खरेदीखत करून बळकावलेली जमीन परत देववण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला.

याहूनही मला दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० मननीय वाटते. जप्तीदाराने कारागिराची हत्यारे, अंगावरची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने सोडून द्यावेत, असे ते सांगते. विणकरांच्या या शहरात त्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच्या पुढचे पाऊल टाकले: ऐपत नसलेल्या ऋणकोला केवळ देणे न दिल्याबद्दल तुरुंगात टाकता येणार नाही; त्याची नियत वाईट असल्याचे दिसले पाहिजे. पातकाची व्याख्याच येथे न्यायासनाने केली आहे, आणि स्मृतिकारांनीही ती मान्य केली असती असे मला वाटते. जिल्हा न्यायालयात १९२० च्या कायद्याखाली नादारीचा अर्ज करणारा माणूस आपली सर्व मिळकत उघड करतो, ती लपवली तर संरक्षण गमावतो. जो बंगला पत्नीच्या नावे आणि यंत्रमाग मेहुण्याच्या नावे करून मग गरिबीची शपथ घेतो, त्याला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही. पतसंस्थेत बुडणारा पैसा अखेर विडी वळणाऱ्या बायकांच्या ठेवींचा असतो, ही गोष्ट कर्जमाफीच्या सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांना आठवत नाही.

एक माणूस या सगळ्या विचारात अडगळीत पडतो, आणि तो म्हणजे जामीनदार. मित्राच्या शब्दाखातर त्याने सही केलेली असते. मुख्य कर्जदार नादारीतून मुक्त झाला तरी त्याची जबाबदारी संपत नाही, आणि वसुलीवाले कित्येकदा आधी त्याच्याच पगारावर येतात. याज्ञवल्क्याने त्याच्यासाठी एक विलक्षण नियम केला होता: जामीनदाराला धनकोचे पैसे चारचौघांसमक्ष भरावे लागले, तर कर्जदाराने त्याला दुप्पट परत करावेत. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराला वाजवीपणे भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागता येते, तेवढीच. चारचौघांत गेलेल्या अब्रूची भरपाई त्या कलमात धरलेली नाही.