दुसरी जबानी

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी पतसंस्थांसाठीचं सॉफ्टवेअर सांभाळत होते. आमच्या गटात एक नवा मुलगा आला. त्याला कोड समजावून द्यायला कुणाला सवड नव्हती, म्हणून आम्ही स्फिंक्स हे दस्तऐवज तयार करणारं साधन चालवलं, सगळ्या फंक्शनांच्या डॉकस्ट्रिंग्ज, म्हणजे कोडातच लिहून ठेवलेली वर्णनं, काढून घेतल्या आणि तयार झालेली पानं त्याच्या हवाली केली. दोन दिवसांनी तो एक पान आणि एका सभासदाचा कर्जखाते उतारा घेऊन आला. पानावर दंडव्याजाच्या फंक्शनाखाली लिहिलं होतं की दंडव्याज फक्त थकलेल्या हप्त्यावर लावायचं, उरलेल्या मुद्दलावर नाही. उताऱ्यात ते सगळ्या मुद्दलावर लागलेलं होतं. त्याने विचारलं, यातलं खरं काय?

‘कोड खरा,’ असं आमच्यातल्या एकाने लगेच सांगून टाकलं. आमच्या धंद्यात हे उत्तर तोंडपाठ असतं. कॉमेंट शिळी होते, डॉकस्ट्रिंग शिळी होते, आणि शेवटी चालतो तो कोड. पण संस्थेचा ठराव काढून पाहिला तेव्हा डॉकस्ट्रिंग बरोबर निघाली. मूळ फंक्शन लिहिणाऱ्याने ठराव वाचून ती ओळ लिहिली होती. पुढे कधीतरी वेग वाढवण्यासाठी कोडाची फिरवाफिरव झाली आणि हप्त्याच्या जागी मुद्दल येऊन बसलं. डॉकस्ट्रिंगला कुणी हात लावला नव्हता, म्हणून ती खरं सांगायला शिल्लक राहिली. मधल्या काळात सभासद कुरकुरत होते आणि ‘कॉम्प्युटरच तसं दाखवतो’ एवढंच उत्तर त्यांना मिळत होतं.

त्या दिवसापासून डॉकस्ट्रिंगकडे मी साक्षीदाराची जबानी म्हणून पाहते. कोड काय करतो हे कोड स्वतःच सांगतो, आणि तेही अगदी तंतोतंत. त्याने काय करायला हवं होतं हे मात्र तो सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो पहिल्यापासून स्वतंत्र असावा लागतो. सोर्स कोडातून डॉकस्ट्रिंग्ज आपोआप काढणाऱ्या साधनांची खरी कामगिरी म्हणजे या दुसऱ्या साक्षीदाराला चारचौघांत आणून उभं करणं. जबानी फाइलीत तीन वर्षं पडून होती. ती बाहेर काढली तेव्हाच कुणाच्या तरी डोळ्यांत भरली.

पायथॉनमध्ये याची सोय भाषेतच आहे. हॅशच्या खुणेने सुरू होणारी कॉमेंट कोड वाचला जातानाच गळून पडते. पण फंक्शनाच्या अंगातलं पहिलंच विधान नुसती मजकुराची स्ट्रिंग असेल, तर ती फंक्शनाला चिकटून राहते आणि प्रोग्रॅम चालू असतानाही मागता येते. ती कशी लिहावी याचे संकेत डेव्हिड गुडजर आणि गीदो व्हान रॉसम यांच्या पेप 257 या 2001 सालच्या दस्तऐवजात आहेत. त्यातला एक संकेत असा की पहिली ओळ आज्ञार्थी असावी, वर्णनपर नसावी. बऱ्याच जणांना हा व्याकरणाचा किरकोळ हट्ट वाटतो. मराठीत म्हणून पाहिलं की त्यातलं मर्म कळतं. ‘व्याज काढतो’ हे कोडाकडे बघून केलेलं वर्णन झालं. ‘व्याज काढ’ हा कोडाला दिलेला हुकूम आहे, आणि हुकूम कामाच्या आधी सुटतो. आज्ञार्थात लिहायला बसलं की आपल्याला काय हवं आहे याचा विचार करावाच लागतो.

काढण्याची कृती दिसते तितकी सरळ नाही. तिहेरी अवतरणचिन्हं शोधत फाइल वाचत गेलं की काम होईल असं नवख्याला वाटतं. पण तिहेरी अवतरणात कुणी एसक्यूएलची क्वेरी लिहितं, कुणी ईमेलचा मसुदा लिहितं. कोणती स्ट्रिंग डॉकस्ट्रिंग आहे हे ती कुठे बसली आहे यावर ठरतं, म्हणून आधी कोडाचं व्याकरण लावून त्याचा वृक्ष उभा करावा लागतो. पायथॉनच्या एएसटी मॉड्यूलमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. या पद्धतीत कोड चालवावा लागत नाही, नुसता वाचला जातो. स्फिंक्समधल्या ऑटोडॉकची रीत वेगळी आहे. तो मॉड्यूल इम्पोर्ट करतो, म्हणजे मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर लिहिलेलं सगळं त्या वेळी खरोखर चालतं. तिथे कुणी डेटाबेसचं कनेक्शन उघडून ठेवलं असेल, तर पानं तयार करताना तेही उघडतं. माझा कल वाचण्याच्या बाजूने आहे. नुसती माहिती हवी असताना यंत्रणा सुरू करायला लागणं मला खटकतं. पण या मताला नम्पाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीसारखा अपवाद आहे. त्यातली कित्येक फंक्शनं सी भाषेत लिहिलेली आहेत आणि त्यांच्या डॉकस्ट्रिंग्ज वेगळ्याच पायथॉन फाइलीतून मागाहून जोडल्या जातात. त्या वाचून सापडत नाहीत, इम्पोर्ट केल्यावरच दिसतात.

नम्पायचं नाव निघालं आहे तर तिथे 2008 साली जे घडलं तेही सांगायला हवं. जोसेफ हॅरिंग्टन हे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातले ग्रहवैज्ञानिक. नम्पाय वापरून विदाविश्लेषण शिकवताना अपुऱ्या दस्तऐवजांमुळे विद्यार्थी अडखळतात हे त्यांनी पाहिलं आणि त्या उन्हाळ्यात डॉकस्ट्रिंग्ज लिहिण्याची मॅरेथॉनच सुरू केली. तिची यंत्रणा मला फार आवडते. डॉकस्ट्रिंग्ज सोर्समधून काढून एका जागी मांडल्या गेल्या, तिथे कुणालाही त्या सुधारता येत होत्या, जाणकार त्या तपासत आणि मग मंजूर मजकूर पॅचच्या रूपाने परत सोर्समध्ये जात असे. काढणं आणि घालणं दोन्ही. यामुळे लिहिणारा बदलला. फंक्शन ज्याने लिहिलं त्याला त्यातल्या खाचाखोचा दिसेनाशा झालेल्या असतात. ते वापरताना जो ठेचकाळला, त्याला काय सांगायला हवं हे नेमकं ठाऊक असतं.

ईमॅक्स या संपादकात ही कल्पना आणखी जुनी आणि आणखी काटकसरीची आहे. तिथे सी भाषेतल्या मूलभूत फंक्शनांच्या डॉकस्ट्रिंग्ज सोर्समध्येच, ठरावीक जागी, कॉमेंटच्या रूपात लिहिलेल्या असतात. बिल्डच्या वेळी मेक-डॉकफाइल नावाचा छोटा प्रोग्रॅम त्या वेचून एका फाइलीत ओळीने ठेवतो, आणि चालू संपादकाच्या स्मृतीत फक्त त्या फाइलीतल्या जागेचा आकडा राहतो. तुम्ही मदत मागितली की त्या आकड्यावरून मजकूर उचलला जातो. स्मृती महाग होती तेव्हाची ही युक्ती. पण शब्द जागा अडवतात म्हणून टाकून द्यावेत असं त्या लोकांना वाटलं नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या सगळ्याच्या आधी डोनाल्ड क्नूथ यांनी वेगळी वाट धरली होती. 1984 सालच्या ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ या लेखात त्यांनी वेब ही पद्धत मांडली. माणसाला समजेल त्या क्रमाने निबंध लिहायचा आणि त्यात कोडाचे तुकडे गुंफायचे. मग टँगल नावाच्या प्रोग्रॅमने त्यातून पास्कलचा कोड काढायचा आणि वीव्हने छापायचा मजकूर. इथे शब्दांच्या पोटातून कोड काढला जातो. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीची सगळी आज्ञावली त्यांनी अशीच लिहिली आणि 1986 मध्ये तिचं पुस्तक केलं, 1300 हून अधिक परिच्छेदांचं. ही वाट फार थोड्यांनी धरली. दहाएक वर्षांनी जावाबरोबर जावाडॉक आलं आणि नातं उलटलं : आता कोडाच्या क्रमाने, कोडाच्या फटीत, जमेल तेवढे शब्द. क्नूथ यांची रीत सर्वांना झेपणारी नव्हती हे मी मान्य करते. पण क्रम गेला ही हानी खरी आहे. वर्णानुक्रमे लावलेल्या हजार फंक्शनांच्या पानांवर सुरुवात कुठून करावी हे कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्या त्या नव्या मुलाने सुरुवात दंडव्याजापासून केली, कारण त्याच्या घरी कर्जाचा हप्ता थकला होता.

साधनांमुळे लिहिण्याची सक्ती आली, आणि सक्तीतून प्रतिध्वनी उमटला. नाव मिळवणाऱ्या फंक्शनाखाली ‘नाव मिळवतो’, तारीख बदलणाऱ्याखाली ‘तारीख बदलतो’. डॉकस्ट्रिंग आहे की नाही एवढंच तपासणारी यंत्रणा अशा ओळींवर समाधानी असते. मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती डॉक्सिजन या अशाच साधनातली एक सोय. ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ हा पर्याय चालू केला की एक ओळही न लिहिलेल्या गोष्टींसकट सगळ्याची पानं तयार होतात, आणि त्याबरोबर ‘याचं वर्णन लिहिलेलं नाही’ या इशाऱ्यांनाही तो गप्प करतो. अनोळखी कोडाचा नकाशा पटकन हवा असेल तेव्हा हा पर्याय उपयोगी आहे. मीही वापरला आहे. पण तोच कायमचा चालू ठेवला की जिथे कुणी काहीच बोललेलं नाही तिथेही पान भरलेलं दिसतं. साक्षीदार आलाच नाही हे कळणंसुद्धा मोलाचं असतं.

या साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचा उत्तम मार्ग टिम पीटर्स यांनी दिला. त्यांचं डॉकटेस्ट हे मॉड्यूल 2001 मध्ये पायथॉन 2.1 बरोबर आलं. डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिलेली उदाहरणं ते काढतं, खरोखर चालवतं आणि आलेलं उत्तर लिहिलेल्या उत्तराशी ताडून पाहतं. पण इथेही पळवाट आहे आणि ती सर्रास वापरली जाते : फंक्शन चालवायचं, जे येईल ते उत्तर उचलायचं आणि डॉकस्ट्रिंगमध्ये चिकटवायचं. आपल्याकडे कोर्टात याला पढवलेला साक्षीदार म्हणतात.

आता पढवण्याचं काम यंत्राकडे गेलं आहे. 2019 मध्ये गिटहबने कोडसर्चनेट नावाचा संच प्रसिद्ध केला. त्यात सहा भाषांतली सुमारे 60 लाख फंक्शनं होती आणि त्यांपैकी सुमारे 20 लाखांनाच वर्णन होतं. वर्णनाचा फक्त पहिला परिच्छेद ठेवला गेला, अगदी तुटपुंजी वर्णनं गाळली गेली, आणि उरलेल्या जोड्या भाषाप्रारूपं शिकवायला वापरल्या गेल्या. म्हणजे माणसांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेले शब्द काढून यंत्राला दिले गेले, आणि यंत्र आता कोड पाहून तसे शब्द लिहून देतं. ते शब्द अनेकदा माझ्यापेक्षा सफाईदार असतात. माझी हरकत एकच आहे, पण ती मोठी आहे. फक्त कोडावरून काढलेल्या डॉकस्ट्रिंगमध्ये कोडाबाहेरचं काही येऊच शकत नाही. आमचं दंडव्याजाचं फंक्शन अशा यंत्रापुढे ठेवलं असतं, तर त्याने सुबक भाषेत लिहिलं असतं की उरलेल्या मुद्दलावर दंडव्याज काढ. दोन्ही जबान्या तंतोतंत जुळल्या असत्या आणि नव्या मुलाला विचारायला प्रश्नच उरला नसता. ठराव कपाटातच राहिला असता.

तेच यंत्र दुसऱ्या कामाला लावता येईल, आणि लावावं असं मला कळकळीने वाटतं. माणसाने लिहिलेली डॉकस्ट्रिंग बाजूला झाकून ठेवायची, यंत्राला कोडावरून स्वतःचं वर्णन लिहायला सांगायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक कुठे आहे ते माणसाला दाखवायचं. आणि जिथे माणसाने काहीच लिहिलेलं नाही, तिथे यंत्राने जागा भरू नये. ‘हे कशासाठी लिहिलं होतं?’ असं विचारावं, आणि उत्तर ज्याच्याकडे आहे तो गटात असेपर्यंतच विचारावं. माणसं नोकरी सोडून जातात, निवृत्त होतात. त्यांच्या डोक्यातला ठराव कोणत्याही साधनाने मागाहून काढता येत नाही.

आमच्या त्या मुलाने डॉकस्ट्रिंगखाली एक उदाहरण घातलं. 5,000 रुपयांचा एक हप्ता तीन महिने थकलेला, मुद्दल 2 लाख, दंडव्याज वार्षिक 2 टक्के. हिशेब त्याने आधी कागदावर केला, संस्थेच्या लेखापालांकडून तपासून घेतला आणि मगच 25 हा आकडा फाइलीत लिहिला. डॉकटेस्ट चालवली तेव्हा फंक्शनाने उत्तर दिलं : 1,000. कोड दुरुस्त करायला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्यानंतर दारं लावून आम्ही चौघं बसलो आणि तीन वर्षांत त्या फंक्शनातून गेलेली कर्जखाती एकेक करून काढायला लागलो.