काचेमागची गाडी

लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भांगरवाडीतल्या घरांमध्ये याचा अर्थ एवढाच, की आषाढ लागला की कपाटातल्या कातडी पट्ट्याला बुरशी धरते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि तळलेला पापड पानात वाढेपर्यंत मऊ पडतो. अशा गावात अण्णांनी एक गाडी तीसएक वर्षं शोकेसमध्ये ठेवली होती, आणि ती जशीच्या तशी आहे अशी त्यांची खात्री होती.

गाडी खेळण्यातली, पण ऐरीगैरी नव्हे. टामिया या जपानी कंपनीनं 1984 मध्ये काढलेली ‘ग्रासहॉपर’. रिमोटवर चालणारी, मागची चाकं जाडजूड काटेरी, पुढची बारीक, आणि आत हेल्मेट घातलेला एक ड्रायव्हर. अण्णांचा मेहुणा बोटीवर होता. 1987 च्या दिवाळीत त्यानं भाच्यासाठी ती आणली. घरात तिला सगळे नाकतोडा म्हणायचे.

ही गाडी तयार मिळत नसे. खोक्यात सुटे भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि चित्रांची पुस्तिका. जोडायची आपली आपण. अण्णा लोणावळ्यातच, आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात फिटर होते, इंजिनांवर हात बसलेला माणूस. त्यांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली, वर्तमानपत्र अंथरलं आणि कामाला बसले. पोरगा शेजारी येऊन टेकला. त्यानं एक चकती उचलली तशी अण्णा म्हणाले, “हात नको लावू. हरवलं तर इथं मिळायचं नाही.” पोरानं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि दिवाळीची सुट्टी तशीच बघण्यात घालवली.

भाऊबीजेला अंगणात गाडी फिरली. रिमोट अण्णांच्या हातात, पोरगा गाडीच्या मागे धावणार. मग ती पुसून, शाळेची ढाल आणि संगमरवरी ताजमहाल यांच्यामध्ये शोकेसमध्ये गेली. पाहुणे आले की कुलूप निघायचं. पुढे पुढे पाहुण्यांनाही काचेतूनच दिसू लागली. पोरानं सुरुवातीला हट्ट केला, मग सोडला. मोठा झाला, शिकला, नोकरीला लागला, तळेगाव दाभाड्यात घर घेतलं. गाडीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

त्या काळच्या बापांना यात फार दोष देता येत नाही. 1991 च्या उदारीकरणाआधी परदेशी वस्तू मोडली की मोडलीच. टीव्हीवर भरतकामाचा पडदा आणि सोफ्यावर चादर घालणारी पिढी ती, वस्तू मिळवण्यातच तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. पण दोष देता येत नाही म्हणून पोराचे पाठीमागे बांधलेले हात सुटत नाहीत, हेही खरं.

गाडीचं नाव काढलं ते नातीनं. शनिवार-रविवार ती लोकलनं लोणावळ्याला यायची. काचेला नाक लावून तिनं विचारलं, “अण्णा, ही चालते?”

“चालते की.”

अण्णांनी कुलूप उघडलं. गाडी उचलली तर चाकं खाली टेकलेली तिथे चपटी झालेली, रबराला भेगा. रिमोटच्या पाठीमागचं झाकण निघेना. उलथन्याच्या टोकानं उघडलं, तेव्हा आत पेन्सिल सेल फुटून वाळलेले दिसले. पितळी पट्ट्यांवर मोरचुदासारखा निळसर थर, स्प्रिंगांचा नुसता गंज. अण्णांनी मागचं चाक बोटानं फिरवून पाहिलं. ते फिरलं नाही.

“मोडलीय,” नात म्हणाली.

“मोडली नाही. कुणी हातच लावला नाही तिला,” आजी आतून म्हणाली. आजीचा टोमणा नेहमी आतूनच यायचा, उत्तर द्यायची सोय नसायची.

अण्णांनी चष्मा लावला आणि गाडीचा प्रत्येक भाग पाहिला. एकही दात झिजलेला नव्हता. कुठे ठोकर लागल्याची खूण नाही, कुठे ओरखडा नाही. गिअरच्या डबीतलं ग्रीस सुकून खळीसारखं चिकटलं होतं, तांब्याचे संपर्क काळे पडले होते, चार्जिंगची बॅटरी कधीच मेली होती. वापरून खराब झालेली एकसुद्धा गोष्ट त्यांना सापडली नाही.

आणि हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नौदलात नव्या पोरांना ते स्वतः सांगत आलेले. बोट महिनोन्‌महिने धक्क्याला उभी असली तरी इंजिनाचा शाफ्ट नेमानं फिरवून घ्यायचा. नाही फिरवला तर बेअरिंगमधलं तेल उतरतं, धातूला धातू टेकतो आणि एकाच जागी गंज चढत जातो. पोरं कंटाळा करायची, अण्णा रागवायचे. संध्याकाळी भुशीच्या रस्त्यानं सायकल मारत घरी यायचे आणि शोकेसची काच पुसायचे.

नातीचा वाढदिवस आषाढातच होता. अण्णांनी नातीला सांगितलं, “ही तुला वाढदिवसाला. पण जोडायची तू. मी फक्त बसणार.”

बसणं त्यांना काही जमलं नाही, तरी हत्यार तिच्याच हातात राहिलं, हे मान्य करायला हवं. पहिल्या रविवारी तिनं गाडी खोलली. कुठला स्क्रू कुठला हे कळावं म्हणून अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये खणाखणात स्क्रू टाकले आणि प्रत्येक खणावर पेन्सिलीनं चित्र काढलं. रिमोटच्या पट्ट्या सोड्याच्या पाण्यानं आणि जुन्या दातब्रशानं घासल्या. सुकलेलं ग्रीस रॉकेलमध्ये भिजवून काडीनं कोरून काढलं. मोटर या गाडीची छोटी, पत्रा दुमडून बंद केलेली, खोलता न येणारी. तिच्या खाचेतून अण्णांनी संपर्क साफ करायचा स्प्रे मारला आणि दोन सेल जोडून तारा टेकवायला लावल्या. मोटर गप्प. आस बोटांनी पुढेमागे फिरवला, पुन्हा तारा टेकवल्या. एक गचका बसला, मग थोडा काळा धूर, आणि मग ती अशी सुटली की नातीच्या हातातून तारच निसटली.

“अण्णा, आत कोण बसून चालवतं?” तिनं ड्रायव्हरच्या हेल्मेटवर टिचकी मारत विचारलं. अण्णांनी शास्त्रज्ञ टेस्लाची गोष्ट सांगितली. 1898 मध्ये त्यानं न्यूयॉर्कला पाण्याच्या हौदात छोटी होडी सोडली आणि दूर उभं राहून, मध्ये तार नसताना, वळवून दाखवली. आत शिकवलेलं माकड लपवलं असेल, अशीही शंका काहींना आली म्हणतात. नातीला ते माकडच जास्त पटलं.

रिमोट मात्र वाचला नाही. तो 27 मेगाहर्ट्झचा, क्रिस्टलच्या जोडीवर चालणारा. एक क्रिस्टल रिमोटमध्ये, त्याचा जोडीदार गाडीत. त्या काळी अँटेनाला आपल्या क्रिस्टलच्या रंगाची फीत लावत: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी. मैदानात दोघांच्या फिती एकाच रंगाच्या निघाल्या की एकाच्या रिमोटनं दुसऱ्याची गाडी पळणार. आता 2.4 गिगाहर्ट्झचे रिमोट आलेत, गाडीशी एकदा ओळख करून दिली की दुसऱ्याला दाद देत नाहीत. अण्णा सकाळची लोकल पकडून पुण्याला गेले आणि बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत, रोबोट बनवायला आलेल्या कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभे राहिले. रिमोट-रिसिव्हरचा संच, वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आणि नवी बॅटरी घेऊन आले. पोरं त्यांना ‘काका, कुठलं प्रोजेक्ट?’ विचारत होती, याचा आनंद त्यांना दोन दिवस पुरला.

राहिले टायर आणि पुढचा बंपर. बंपरचं प्लास्टिक इतकं ठिसूळ झालेलं, की स्क्रू काढतानाच त्याचे दोन तुकडे झाले. बाजारपेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं फोनवर शोधून दिलं, “अण्णा, कंपनीनं हीच गाडी 2005 मध्ये परत काढली होती. सगळे पार्ट मिळतात. डिट्टो ओरिजिनल. मागवू का?”

अण्णांचे डोळे चमकले. फोनच्या पडद्यावर ते टायर, ते काटे, तो बंपर, सगळं 1987 सारखं कोरं करकरीत. किंमत बघून त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला, पण हो म्हणाले. मग नातीकडे वळून म्हणाले, “नव्यासारखी होईल बघ. मात्र हे पार्ट लांबून येणार. मोडायचं नाही हं.”

नात गाडीच्या सांगाड्यावर बोट फिरवत होती. तिनं हात काढून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. दुकानातला पोरगा म्हणाला, “दाबू का बटण?”

“थांब,” अण्णा म्हणाले. “हे मोडलं तर भांगरवाडीत काय मिळतं?”

“काय मिळणार? काही नाही.”

“मग नको.”

भांगरवाडीत बरंच काही मिळालं. पंक्चरवाल्यानं सायकलच्या जुन्या टायरच्या पट्ट्या कापून, चपट्या झालेल्या चाकांवर सोल्युशन लावून बसवल्या आणि चहाशिवाय काही घेतलं नाही. बंपरसाठी अण्णांनी गॅरेजमधून इंजिन ऑइलचा रिकामा डबा आणला. हे प्लास्टिक वाकतं पण तडकत नाही, मात्र कशानंही चिकटतही नाही, त्यामुळे नट-बोल्टच लावावे लागतात. तुटलेले दोन तुकडे जोडून कागदावर आकार काढला. नातीनं तो डब्यावर गिरवला, अण्णांनी कापला, तिनं भोकं पाडली.

“आता दुसरा,” अण्णा म्हणाले.

“दुसरा कशाला?”

“हा मोडेल तेव्हाला.” डबा संपेपर्यंत बंपर निघाले. ते दोरीत ओवून तिनं खिळ्याला टांगले.

मुलाला हे कळलं तेव्हा त्यानं तळेगावहून फोन केला. “अण्णा, ऑइलचा डबा? तसल्या जुन्या गाड्या लोक जपून ठेवतात. मूळ पार्ट घालून ठेवली असती तर आज तिला किंमत आली असती.”

“तीसएक वर्षं ठेवली होती,” अण्णा म्हणाले. “तुला काय आलं?”

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग मुलानं वाढदिवसाला किती वाजता निघायचं ते विचारलं.

वाढदिवस रविवारचा. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाला निघालेल्या गाड्यांनी लोणावळ्याचे रस्ते तुंबलेले असतात, म्हणून सगळे मळवलीला नातीच्या आत्याकडे जमले. लोणावळ्याहून अण्णा-आजी एक स्टेशन अलीकडे आले, तळेगावहून मुलगा-सून लोकलनं. लोहगड, विसापूर दोन्ही ढगात गेलेले. खाचरांत इंद्रायणी भाताची लावणी उरकत आलेली. आत्याच्या दारातला चढ चिखलानं नुसता माखलेला.

औक्षण झालं, आणि नातीनं आधी एक फुगा मागितला. फुगवायला नव्हे. गाडीचा रिसिव्हर तिनं त्या फुग्यात घातला, तोंडाशी तारा ओढून रबरबँडचे वेढे दिले. पाणी आत जाऊ नये म्हणून गाडीवाले करतात तसं. अण्णांनी पुण्याच्या दुकानात ऐकलेलं. मग ती चिखलात उतरली.

मुलगा ओसरीवरून ओरडला, “अगं, चिखलात नको! आत घे, फरशीवर चालव! जपून!”

आजीनं त्याच्याकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. आवाज मुलाचा होता, पण शब्द कुणाचे हे ओसरीवर बसलेल्या तिघांनाही कळलं, आणि मुलाला सगळ्यात आधी.

गाडी चढावर घसरली, सायकलच्या टायरच्या पट्ट्यांनी चिखल मागे उडवला, आत्याच्या धुतलेल्या पायरीवर नक्षी उठली. नातीनं दोनदा गिरकी घेतली, तिसऱ्यांदा वेग आवरला नाही आणि नाकतोडा जाऊन दगडी गडग्यावर आपटला. बंपरचा बोल्ट उडाला.

मुलगा धावतच गेला. गाडी उचलून उलटीपालटी करू लागला. “कुठला गं हा बोल्ट? कुठून घालायचा? अण्णा, जरा बघा हो.”

अण्णा जागचे हलले नाहीत. नातीनं बाबाच्या हातातून गाडी घेतली, पावसातच उकिडवी बसली, खिशातून पाना आणि दुसरा बोल्ट काढला. बंपर काढून बघितला, वाकवून सरळ केला, चालेल म्हणाली, परत बसवला. तिच्या नखांत ग्रीस होतं. मुलगा तिच्या बोटांकडे बघत वाकून उभा होता.

“मला येईल का गं चालवायला?” त्यानं विचारलं.

नातीनं रिमोट पुसून त्याच्या हातात दिला. “हा अंगठा पुढेमागे, हा डावीउजवीकडे. वळताना वेग कमी कर. आणि बाबा, तू मोडलंस तर तूच बसवायचं. पेटी ओसरीवर आहे.”