सकाळचे दोन-तीन तास

अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनर यांना पंचविशीतच ल्युपसने गाठलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. १९४१ मध्ये त्यांचे वडील याच आजाराने गेले होते.

त्या जॉर्जियातल्या मिलेजव्हिलजवळ आईच्या शेतावर राहायला आल्या. थकवा सरेना, पुढे कुबड्याही आल्या. मग त्यांनी दिवसाची घडीच बदलली. सकाळचे ताजे दोन-तीन तास फक्त लेखनासाठी, उरलेला वेळ विश्रांती, पत्रं आणि अंगणातल्या मोरांसाठी.

ही माघार नव्हती.

आज सांधे आखडलेल्या अवस्थेत जाग आलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल: आधी कोमट पाण्यात हात, मग चहा, मग एकच काम.

१९६४ मध्ये, ३९व्या वर्षी त्या गेल्या. अखेरच्या महिन्यांत, आजारपणातही त्यांचं कथांवर काम चालूच होतं.