झिजलेला ब्रेक आणि मारका बैल



आपल्या धाराशिव जिल्ह्यात अजून कितीतरी घरांत वडिलांच्या काळातली बुलेट, राजदूत किंवा येझदी आहे. म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी १९९६ साली बंद झाली, तरी त्या जुन्या गाडीला आज शहरातले शौकीन लोक चांगली किंमत देतात. अशी गाडी विकताना, किंवा भाच्याच्या हाती किल्ली देताना, तिच्या झिजलेल्या ब्रेकबद्दल किती सांगायला आपण बांधील आहोत?

आधी ब्रेकचे समजून घेऊ. या गाड्यांच्या चाकात ड्रम असतो. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू आणि त्यांवर लायनर. पेडल दाबले की मागचा रॉड ओढला जातो, कॅम फिरतो, शू फाकतात आणि ड्रमला घासतात. लायनर झिजला की पेडल खाली जाऊ लागते. मग आपण रॉडच्या टोकाचा नट दोन आटे आवळतो आणि पेडल पूर्ववत होते. यात गैर काहीच नाही, नट त्यासाठीच दिलेला आहे. पण आटे संपत आले तरी आपण आवळतच राहिलो, तर कॅमची दांडी काटकोनापलीकडे जाते आणि पायाचे पुष्कळसे बळ फुकट जाते. लायनर पार संपला की शूचा धातूच ड्रमला खरवडतो. पेडल मात्र पायाला घट्ट लागते! बाहेरून कोणाला काही कळत नाही, कारण चाक काढल्याशिवाय शू दिसत नाही.

१३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नेमका असाच प्रश्न घेतला होता, फक्त त्यांच्यापुढे घोडा होता. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे हे गिऱ्हाइकाला दिसतेच. किंमत त्या मानाने कमी घेतली तर विकणाऱ्याने ते बोलून दाखवलेच पाहिजे असे नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याला धोका असेल, तर सांगणे हे कर्तव्य आहे. आता फाटलेली सीट आणि गंजलेली टाकी हा काणा घोडा समजा. ड्रममधला शू तसा नव्हे. "त्यांनी विचारले नाही, म्हणून आम्ही सांगितले नाही," ही सबब इथे चालत नाही. काय विचारायचे, हे तरी त्या बिचाऱ्याला ठाऊक हवे ना?

"पण गाडी विकायचीच नाही, आमची गाडी, आमचा जीव," असे आपले तरुण म्हणतात. निर्गमाच्या २१व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अचानक कोणाला मारले तर मालक निर्दोष. पण बैलाला ती खोड आहे अशी ताकीद मिळूनही त्याने तो आवरला नाही आणि माणूस मेला, तर मालकही दोषी. बैलाने दोन्ही वेळा केले ते एकच. फरक मालकाला ठाऊक असण्याचा आहे. आणि जो हात पाचव्यांदा नट आवळतो, त्याला ठाऊक असते. तुळजापूरचा घाट उतरताना, किंवा गळीत हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात पुढे आली असताना, ब्रेकची गरज एकट्या चालवणाऱ्याला नसते. मागे बसलेली बायको असते, रस्ता ओलांडणारे कोणाचे तरी पोर असते. मिस्साच्या आरंभी आपण करायचे राहून गेलेल्या गोष्टींचीही कबुली देतो. त्यात ही हयगय येते असे आमचे स्पष्ट मत आहे.

काम फार खर्चाचे नाही. जुन्या गाडीचे शू मिळाले नाहीत तर त्याच शूवर नवा लायनर बसवून मिळतो. स्प्रिंग ढिली असेल तर तीही बदलावी. ड्रमला चर पडले असतील तर लेथवाल्याला दाखवावा. फार झिजला असेल तर तो टाकूनच द्यावा. एक मात्र पाळा. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसाला घातक आहे. ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, हवेचा पाईपही लावू नका. ओल्या फडक्याने पुसून घ्या. गॅरेजमध्ये हाताखाली काम करणाऱ्या पोरालाही तेवढे सांगा.