सोसणें आणि सांगणें

सोशिकपणा हा स्त्रीचा पहिला गुण, असें आपल्या समाजांत पूर्वापार मानीत आले आहेत. जी कण्हत नाहीं ती कुलीन, जी बोलत नाहीं ती शहाणी, हा आपला जुना निवाडा. तो कितपत खरा आहे, हा प्रश्न केवळ तात्त्विक असता तर त्याचा ऊहापोह सवडीनें करतां आला असता. परंतु स्तनाच्या कर्करोगावर हल्लीं जी औषधयोजना करतात, जिला सर्वत्र 'केमो' म्हणतात, तिच्या संबंधांत हा प्रश्न जीवनमरणाचा होऊन बसला आहे. आणि परभणी जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत, जेथें घर एकीकडे व उपचार दुसरीकडे असतो, तेथें तो अधिकच निकडीचा आहे. म्हणून त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दुखण्याचें स्वरूप पाहूं. ह्या औषधांचा रोख झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर असतो. कर्करोगाच्या पेशी जशा वाढतात तशाच केंसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या व आंतड्यांच्या अस्तरांतल्या आणि हाडांच्या मगजांतल्या निरोगी पेशीही वाढत असतात. औषधास हा आपपरभाव कळत नाहीं. म्हणून मळमळ व उलट्या होतात, तोंड येतें, दोन-तीन आठवड्यांत केंसांचे झुपके हातीं येऊं लागतात, आणि ज्वारीची भाकर धातूसारखी लागते. कांहीं औषधांनीं हातापायांस मुंग्या येऊन बोटें बधिर होतात. मग कापूस वेचणारीस बोंडाचें टोंक बोंचलेलें कळत नाहीं. नखें काळीं पडतात, पाळी थांबून अंगाची लाही होते, आठवण दगा देते, आणि झोंपेनेंही न जाणारा थकवा ठाण मांडून बसतो. ह्यांतलें पुष्कळसें उपचार संपल्यावर ओसरतें. बोटांचा बधिरपणा मात्र कांहीं जणींच्या वांट्यास वर्षानुवर्षें राहतो.

अशा स्थितीत बाई गप्प कां राहते? तिच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें आम्ही हलकें लेखीत नाहीं. सोनपेठ किंवा पालमकडील खेड्यांतून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयास जावयाचें, तर तिची मजुरी बुडते व सोबत जाणाऱ्याचीही बुडते. घरच्यांनीं आधींच पुष्कळ केलें, आणखी त्यांस काय सांगावें, असें तिला वाटतें. शिवाय त्रास सांगितला तर डॉक्टर औषध कमी करतील, अशी धास्ती असते. तेव्हां ह्या मौनाच्या मुळाशीं माया आहे, जगण्याची इच्छाही आहे. पण हेतु चांगला असला म्हणजे कृति योग्य ठरतेच असें नाहीं. तिचा परिणामही पाहावा लागतो.

तो परिणाम असा. औषध दिल्यापासून साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान रक्तांतील पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्या वेळीं १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर तो सकाळची वाट पाहण्याजोगा ताप नव्हे. त्यानें कांहीं तासांतही जीव जाऊं शकतो. जी बाई तो पदराआड लपविते ती घरच्यांचा एक फेरा वाचविते, आणि ज्यासाठीं आजवरचे सर्व फेरे घातले तेंच धोक्यांत घालते. सांगण्याचें मोल दुसऱ्या बाजूनेंही दिसून आलें आहे. न्यू यॉर्क येथील स्लोन केटरिंग रुग्णालयांत फैलावलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांचा अभ्यास करण्यांत आला. त्यांत स्तनाच्या कर्करोगाचेही रुग्ण होते. ज्यांनीं आपलीं लक्षणें संगणकावर नियमानें नोंदविलीं, व ज्यांची नोंद बिघडतांच परिचारिकेस सूचना गेली, त्यांचें मध्यम आयुर्मान ३१.२ महिने भरलें. इतरांचें २६ महिने. हे आंकडे २०१७ सालीं प्रसिद्ध झाले. केमो दोन्हीं गटांस नेहमीप्रमाणेंच मिळाली होती. फरक सांगण्याचा होता, आणि ऐकून लगेच कांहीं करण्याचा होता.

ह्या जिल्ह्यास सांगण्याची परंपरा नवी नाहीं. गंगाखेड ही जनाबाईची जन्मभूमि मानतात. परक्या घरीं दासी म्हणून राबणाऱ्या त्या बाईनें दळणकांडण, शेणगोठा, एकटेपण, सारें अभंगांत मांडून ठेविलें. तिच्याइतकें सोसणाऱ्या थोड्या असतील. परंतु तिला मुकी म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. आणि तिचा विठ्ठल तिला धीर धरण्याचा उपदेश करून थांबत नाहीं. तो जात्याच्या खुंट्यास हात लावतो, शेण्या वेंचतो, तिचे केंस विंचरतो. ऐकणें म्हणजे काय, ह्याची याहून चांगली व्याख्या आम्हांस सुचत नाहीं.

येथेंच ऐकणाऱ्याचा धर्म सुरू होतो. "केंसांचें काय, परत येतील," हें वाक्य खरें आहे. परंतु ज्या समाजांत विधवेचें मुंडण होत असे, आणि जेथें तें थांबविण्यासाठीं १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांना पुढें यावें लागलें, तेथें सवाष्णीला आपला मोकळा माथा आरशांत पाहतांना काय वाटतें, ह्याचें उत्तर त्या वाक्यांत नाहीं. सर्वच दुःखें औषधानें जात नाहींत. जें टळत नाहीं तें सोसण्यांत थोरवी आहे, हें आम्हांसही मान्य आहे. मात्र टळणारें कोणतें व न टळणारें कोणतें, हा निर्णय रोग्यानें एकट्यानें अंधारांत करावयाचा नसतो. तो करण्यासाठींच आधीं सांगावें लागतें.

म्हणून दोष एकट्या बाईच्या मौनास देऊन चालणार नाहीं. "बरी आहेस ना?" ह्या प्रश्नाला आपल्या घरांत "हो" हें एकच उत्तर ठरलेलें असतें. काल किती जेवण गेलें, ताप मोजला का, तोंडांत फोड आहे का, बटण बोटांनीं लावतां येतें का, असें नेमकें विचारावें. नवऱ्यानें विचारावें, सासूनें विचारावें, गांवच्या आशा कार्यकर्तीनें विचारावें. रुग्णालयाचा दूरध्वनि क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवावा, आणि रात्रीं ताप चढल्यास कोणाची गाडी काढावयाची तें दिवसाउजेडीं ठरवून ठेवावें.